दिघ्यातील मुलांची खरूज: आंघोळ कमी पडते की जागा?

डोंगरपायथा (दिघा, नवी मुंबई) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी दिघ्यात, पारसिक डोंगराच्या उतारावरील एका वस्तीत, संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. पहिली ते पाचवीची अठ्ठावीस मुले येतात. गणपती झाल्यापासून त्यांतील अकरा मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि चड्डीचे इलॅस्टिक जिथे बसते तिथे बारीक पुरळ दिसत आहे. चौघांच्या हातांवर त्याचेच पिकलेले फोड झाले असून त्यांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या आहेत. मुले उजव्या हाताने लिहितात आणि डाव्या हाताने खाजवत राहतात. जवळच्या दवाखान्यात खरजेचे निदान झाले, मुलापुरती मलमाची एकेक ट्यूब मिळाली, आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा सारे पहिल्यासारखे झाले. तिघांना शाळेने घरी पाठवले. त्यांपैकी एक मुलगा पंधरा दिवस झाले तरी घरीच बसून आहे.

माझी अडचण मात्र मलमाहून वेगळी आहे. पालकांच्या बैठकीत मी नेहमीचाच उपदेश केला होता: मुलांना रोज साबण लावून आंघोळ घाला, कपडे धुतलेले घाला, नखे कापा. बैठक उठल्यावर एक आई मागे थांबली आणि म्हणाली, "बाई, एकदा घरी येऊन पाणी मोजा, मग सांगा." दुसऱ्या दिवशी मी गेले. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, माणसे सात. नळाला सकाळी तासभर पाणी येते. ते साठवायला दोनशे लिटरचे एक पिंप आणि तीन हंडे. त्या बाईंच्या मुलीची नखे कापलेली होती, केसांना तेल होते, गणवेश स्वच्छ होता आणि तरीही तिच्या बोटांच्या बेचक्या खरजेने भरलेल्या होत्या. याउलट माझ्या वर्गातील जो मुलगा दिवसभर मातीत लोळतो, ज्याच्या नखांतील मळावरून मी रोज ओरडते, त्याच्या अंगावर एक पुटकुळीही नाही.

तेव्हापासून मला माझ्याच उपदेशाविषयी शंका येऊ लागली आहे. हा आजार अस्वच्छतेचा आहे की दाटीवाटीचा? पाणी वाढले तर तो कमी होईल का? आणि खोली मोठी करणे आमच्यापैकी कोणाच्याच हातात नसताना या आयांनी नेमके काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

त्वचावैद्य (ठाणे) यांचे उत्तर

ताई, त्या स्वच्छ मुलीला खरूज आणि मातीतल्या मुलाला काही नाही, हे आपण बारकाईने टिपलेत. आता फक्त एक गोष्ट विचारून पाहा: तो मातीतला मुलगा रात्री कोणाच्या शेजारी झोपतो?

खरूज हा मळाचा आजार नाही. सार्कोप्टिस स्केबिआय या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किड्यामुळे ती होते. त्याची मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बोगदा खणून आत राहते, रोज दोन-तीन अंडी घालते, ती तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. नेहमीच्या रुग्णाच्या संपूर्ण अंगावर अशा दहा-पंधराच माद्या असतात. बाकी जे पुरळ आपल्याला दिसते ते किड्यांचे नसून त्यांच्याविरुद्ध शरीराने उठवलेल्या ओरडीचे असते. किडा त्वचेच्या आत असल्यामुळे अंगावरून कितीही पाणी गेले तरी तो वाहून जात नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते आणि आठवड्यातून एकदा करणाऱ्याला होतेच असे नाही.

हा किडा उडत नाही, उडी मारत नाही, नुसता सावकाश चालतो. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाण्यासाठी त्याला त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहावी लागते. शिवाशिवीच्या खेळात किंवा पुस्तक देता-घेता हे सहसा घडत नाही. एका गोधडीत चार भावंडे रात्रभर झोपली, की घडते. १९४० च्या दशकात, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमधील शेफिल्ड येथे केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धात भाग घ्यायला नकार देणाऱ्या तरुणांच्या मदतीने काही प्रयोग केले होते. खरजेच्या रुग्णांनी वापरलेले, न धुतलेले आतले कपडे आणि पांघरुणे या तरुणांना दिली, तरीही लागण अगदी थोड्यांनाच झाली. आपल्याकडे आजही घरोघरी सर्वांत जास्त श्रम चादरी उकळण्यात जातात आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला मलम लावायचे राहून जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ट्यूब संपल्यावर खरूज परत का आली, याचे उत्तरही यातच आहे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्या दिवशी एका मुलाच्या हातावर पुरळ दिसले, त्या दिवशी त्याच्या शेजारी झोपणाऱ्या धाकट्या बहिणीच्या अंगावरही किडा असण्याची शक्यता मोठी असते. तिला अजून खाज सुटलेली नसते इतकेच. मुलाला मलम लागते, तो बरा होतो आणि आठ दिवसांत बहिणीकडून किडा परत त्याच्याकडे येतो. एकदा होऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या खेपेस मात्र एक-दोन दिवसांतच खाज सुटते, म्हणून घरच्यांना वाटते की औषधच बोगस होते.

उपचार करायचा तर घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री करायला हवा. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम कोरड्या, थंड अंगावर मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचे. बेंबी, काखा, जांघा, नखांखालची जागा, बोटांच्या बेचक्या काहीही सोडायचे नाही. आणि आठ ते बारा तासांनी धुऊन टाकायचे. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यावरही खरूज होते, त्यामुळे त्यांना डोळे आणि तोंड वगळून चेहऱ्याला व डोक्यालाही लावावे लागते. दोन महिन्यांखालच्या बाळाला आणि गरोदर बाईला काय द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे. आठवड्याने हीच रात्र पुन्हा घालवायची, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. प्रौढ माणसाला एका वेळेस साधारण तीस ग्रॅमची पूर्ण ट्यूब लागते. सात जणांच्या घरात एक ट्यूब सात जणांना पुरवली, तर ती कोणालाच पुरत नाही.

आता स्वच्छतेविषयी, कारण आपला उपदेश मी पूर्णपणे चुकीचा ठरवू इच्छित नाही. खाजवून कातडी फाटली की त्या फटीतून स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे जंतू आत शिरतात. आपण वर्णन केलेल्या मधाच्या रंगाच्या खपल्या त्यांच्याच. इथे मात्र पाणी, साबण आणि कापलेली नखे यांचा थेट उपयोग होतो. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या घरांना साबण पुरवून हात धुण्याची सवय लावली त्या घरांतील पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये असे फोड ३४ टक्क्यांनी आणि जुलाब ५३ टक्क्यांनी कमी आढळले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक पडला नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. जाहिरातीतला महागडा साबण विकत घेण्याची गरज कोणालाच नाही.

त्या चौघांकडे आपण विशेष लक्ष द्यावे. फोड येऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांत एखाद्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले, लघवी कमी होऊ लागली किंवा कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. स्ट्रेप्टोकोकसच्या त्वचेवरील संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. "नुसती खरूज तर आहे" असे म्हणून दुर्लक्ष झाले, की हीच गोष्ट हातची जाते.

घरी बसवलेल्या मुलाबद्दल: पहिला उपचार नीट झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून मूल शाळेत जाऊ शकते. पंधरा दिवस त्याला घरी ठेवल्याने फायदा कोणाचाही होत नाही. उपचार न झालेला तो मुलगा घरातल्यांच्याच शेजारी झोपत राहतो.

चाळीतली आई (कळवा) यांचे उत्तर

डॉक्टरांनी जे लिहिले ते मी दोन वर्षांपूर्वी भोगून शिकले, म्हणून लिहिते. आमची बैठी चाळ, खोली आपल्या ताईंनी मोजली तेवढीच. आम्ही सहा जण. मोठ्याला झाली, मग धाकटीला, मग सासूबाईंना. पहिल्या वेळी सगळ्यांनी मलम लावले, असे मी छातीठोकपणे डॉक्टरांना सांगितले आणि तरीही महिन्याने परत आली. नंतर लक्षात आले की घरातील एक माणूस सुटला होता. माझे यजमान रात्रपाळीला असतात. आम्ही रात्री मलम लावले, ते सकाळी सातला आले, त्याच अंथरुणावर मुलांच्या मध्ये झोपले आणि त्यांना खाज नसल्याने त्यांनी मलम लावायला नकार दिला. ज्या घरात अंथरुणे पाळीने वापरली जातात, तिथे "एका रात्री सगळ्यांनी" हे वाक्य बोलायला सोपे आणि करायला अवघड असते. दुसऱ्या वेळी त्यांच्या सुट्टीचा दिवस धरला.

अंथरुणांचेही सांगते. सहा जणांच्या गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या म्हटल्या तर आमचे दोन दिवसांचे पाणी गेले असते आणि पावसात त्या वाळल्या नसत्या. ओल्या गोधडीवर झोपून मुलांना नायटा झाला असता तो वेगळाच. शेवटी मी शेवटच्या तीन-चार रात्री वापरलेल्या चादरी, उशीचे अभ्रे आणि कपडे मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून पोटमाळ्यावर टाकले आणि पाचव्या दिवशी काढले. मधल्या रात्रींसाठी दोन चादरी वहिनीकडून आणल्या. गोधड्या पत्र्यावर दिवसभर उन्हात उलटसुलट केल्या. मला वाटले होते की हा गरिबांचा जुगाड आहे. डॉक्टर, हे चालते का?

त्वचावैद्य (ठाणे)

चालते, आणि त्याला जुगाड म्हणू नका. माणसाच्या अंगापासून दूर हा किडा दोन ते तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, त्यामुळे बांधून ठेवलेल्या पिशवीत तो आपोआप मरतो. पन्नास अंश तापमानात दहा मिनिटे राहिले तरी पुरते. ऑक्टोबरच्या भर उन्हात पत्र्यावर पसरलेल्या चादरीला तेवढी उष्णता मिळू शकते, मात्र जाड गोधडीच्या आतपर्यंत ती पोहोचेलच असे सांगता येत नाही, म्हणून गोधडीसाठी पिशवीच बरी. रात्रपाळीचा मुद्दा मी यापुढे माझ्या रुग्णांना आवर्जून विचारणार आहे. इतक्या वर्षांत तो मला सुचला नव्हता.

सतरावा मजला (घोडबंदर रोड, ठाणे) यांचे उत्तर

हा विषय केवळ वस्त्यांचा आहे असे वाचणाऱ्यांना वाटू नये, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो. आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, मुलाला स्वतःची खोली आहे. तरीही त्याला साडेतीन महिने खाज होती. आधी कोरडी त्वचा म्हणून तेल, मग इसब म्हणून एक मलम दिले गेले. लावले की खाज दोन दिवस थांबे आणि मग दुपटीने उठे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले तेव्हा कळले की त्या मलमात स्टिरॉइड होते आणि त्याने खरजेचे रूपच झाकून टाकले होते.

लिहिण्याचे खरे कारण पुढचे आहे. निदान कळताच आमच्या घरात पहिले बोट कामाला येणाऱ्या मावशींकडे वळले. मीही त्यात होतो. त्यांना आम्ही तपासून घ्यायला सांगितले; त्यांच्या अंगावर काही नव्हते. खरूज आमच्या मोठ्या मुलीबरोबर तिच्या वसतिगृहातून आली होती. सुट्टीत दोघे बहीणभाऊ एकाच पलंगावर सिनेमे पाहत झोपले होते. मावशींची माफी मागताना मला जी लाज वाटली ती मी विसरलेलो नाही.

पाणीखात्यातला (ऐरोली) यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. पाणीपुरवठ्याच्या कामात तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. डॉक्टरांनी पाण्याला खरजेतून निर्दोष सोडले, तरी ताईंच्या आकडेमोडीला मी एवढ्यावर सोडणार नाही. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरांसाठी आपल्या देशात माणशी रोज १३५ लिटर हा हिशेब धरला जातो. सात माणसांना ९४५ लिटर. त्या घरात पिंप आणि हंडे मिळून अडीचशे लिटरच्या आसपास पाणी साठते, म्हणजे माणशी पस्तीस लिटर. त्यातून स्वयंपाक, पिणे, भांडी, शौच आणि कपडे. आंघोळीला जे उरते त्याला टमरेलाने मोजावे लागते.

उतारावरच्या घरांना पाणी कमी का येते, याचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने कमी होतो. वाहिनीत पाणी सोडले की पायथ्याचे नळ आधी भरतात. त्यांचे पिंप भरून नळ बंद झाले की मग वर धार लागते आणि तोवर तास संपत आलेला असतो. शहराला खालापूरजवळच्या मोरबे धरणाचे पाणी असले, तरी उतारावरच्या शेवटच्या नळाचा प्रश्न धरणाचा नसून दाबाचा आणि वेळेचा असतो. वस्तीने मिळून वरच्या टप्प्यावर साठवण टाकीची मागणी लेखी स्वरूपात केली, तर ती तांत्रिकदृष्ट्या रास्त ठरते. खरूज त्याने जाणार नाही हे मान्य. फोड, नायटा आणि जुलाब यांचा हिशेब मात्र बदलेल.

स्पष्ट बोलणारा (वाशी) यांचे उत्तर

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. आम्हीही चाळीत वाढलो, एका खोलीत नऊ जण झोपायचो. आजी रविवारी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायची आणि करंजाचे तेल चोळायची. आम्हाला खरूज झाल्याचे मला आठवत नाही. स्वच्छतेची शिस्त गेली आणि आजार आले, असे साधे उत्तर असताना पालकांना जबाबदारीतून मोकळे करण्याची एवढी घाई कशासाठी? शिवाय वस्तीतील खरजेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त केला, तरी निम्मे काम होईल.

त्वचावैद्य (ठाणे)

कुत्र्यांपासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज सर्वत्र आहे. कुत्र्याला होणारी खरूज त्याच किड्याच्या वेगळ्या प्रकाराने होते. तो माणसाच्या अंगावर आला तर काही दिवस खाज देतो, पण इथे त्याचा वंश वाढत नाही. घरातील एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी खरूज माणसाचीच असते.

आपल्या बालपणी खरूज नव्हती, असे मात्र मानू नका. 'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. गंधक खोबरेल तेलात कालवून लावण्याचा उपायही जुनाच आहे आणि गंधकाचे मलम आजही तान्ह्या बाळांसाठी वापरतो. वास मात्र असह्य असतो. कडुलिंबाच्या पाण्याने थोडे बरे वाटत असेल, पण त्यावर भरवसा ठेवून आठवडे घालवू नयेत. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव ओतण्याची पद्धत तर मी बंदच करायला सांगतो, कारण खाजवून सोललेल्या त्वचेला त्याने आणखी जळजळ होते आणि मग ते नवे पुरळ खरजेच्या नावावर खपते.

जबाबदारीचे म्हणाल, तर मी पालकांना मोकळे करत नाही, उलट अधिक कठीण काम सांगतो आहे. रोजच्या आंघोळीपेक्षा घरातील सात माणसांना एका रात्री एकत्र बसवून नखशिखांत मलम लावणे कितीतरी अवघड आहे. त्यात लाज आडवी येते. खरूज म्हणजे घाण, हे आपणच मनात भरवलेले असते, म्हणून लोक लपवतात, शेजारणीला सांगत नाहीत, औषधाच्या दुकानातून गुपचूप ट्यूब आणतात. ती ट्यूब पुष्कळदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली, तरी हातोहात मिळणे थांबलेले नाही. नायट्यावर असे मलम लावले की कडा फिकट पडतात, खाज दबते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. पावसाळ्यात ओले कपडे घालणाऱ्या कुटुंबांत असा हट्टी नायटा मी आता रोज पाहतो.

ताईंसाठी आणखी एक. वर्गातील प्रत्येक पुरळ खरजेचे धरू नका. पत्र्याच्या खोलीत कपाळावर, मानेवर आणि पाठीवर येते ते घामोळे. त्याला हवा आणि सैल सुती कपडा लागतो, पावडरचा थर नव्हे. डास किंवा ढेकूण चावून हातापायांवर उठणारे फोड बोटांच्या बेचक्यांत सहसा जात नाहीत. गालांवरच्या फिकट चट्ट्यांना घरोघरी 'जंत झाले' म्हणतात. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात आणि साध्या तेलाने सुधारतात. मात्र चट्ट्याच्या जागी स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ते औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते. रात्री वाढणारी खाज आणि घरात खाजणारे दुसरे माणूस, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आधी खरूज आठवावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचीही मदत घ्या. हा कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी त्यात अपेक्षित असून तपासायच्या आजारांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब यांचा समावेश आहे. फोड न भरणाऱ्या मुलांना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येईल. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

डोंगरपायथा (दिघा), सहा आठवड्यांनंतर

उशिरा लिहिते आहे, कारण काहीतरी करूनच लिहायचे ठरवले होते. प्रथम डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर. तो मातीतला मुलगा आजोबांबरोबर बाहेर ओट्यावर, वेगळ्या चटईवर झोपतो. बाकीची भावंडे आत असतात आणि त्यांतील दोघांना खरूज आहे.

मी दुसरी बैठक घेतली आणि तिथे सर्वांत आधी माझे पहिले बोलणे मागे घेतले. खरूज कोणाच्या घाणीमुळे आलेली नाही, ती शेजारी झोपल्याने पसरते, एवढे सांगितल्यावर जी शांतता पसरली ती मला अपेक्षित नव्हती. मग एकेक जण बोलू लागली. अकरा मुलांची नऊ घरे. पण गेल्या वर्षभरात खरूज येऊन गेलेली आणखी पाच घरे त्या एका संध्याकाळी पुढे आली. मलमासाठी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलले, त्यांनी घरोघरची माणसे मोजून यादी मागितली: चौदा घरे, ब्याऐंशी माणसे. शनिवारची रात्र ठरली. ज्यांची रात्रपाळी होती अशा सहा जणांनी रविवारी दुपारी मलम लावले आणि तोवर ते वेगळ्या अंथरुणावर झोपले; ही सूचना कळव्याच्या ताईंची. पोटमाळ्यांवर पिशव्या चढल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

आज अकरापैकी आठ मुलांचे हात कोरडे आहेत. चौघांचे फोड भरले. लघवीचा रंग मी आयांना रोज विचारते आणि त्या हसतात. घरी बसवलेला मुलगा दुसऱ्याच सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शाळेत गेला. दोघांना अजून खाज आहे, पण नवे पुरळ नाही. एक कुटुंब दिवाळीत गावी जाऊन आले आणि आल्यावर चौथ्या दिवशी मुलीच्या बेचक्यांत पुन्हा नवे दाणे दिसू लागले. या दोन्हींचे काय करावे? पाण्याच्या टाकीचा अर्जही लिहून ठेवला आहे. पाणीखात्यातल्या काकांनी एकदा नजरेखालून घातला तर बरे होईल.

त्वचावैद्य (ठाणे)

पहिल्या दोघांना पुन्हा मलम लावू नका. किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष त्वचेत राहतात आणि खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. खोबरेल तेल आणि रात्री खाजेची गोळी एवढे पुरेल, मात्र गोळीचे प्रमाण वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. चार आठवड्यांनंतरही खाज राहिली किंवा नवे दाणे दिसले, तरच पुन्हा दाखवा. गावी गेलेल्या घराला मात्र पहिल्यापासून दोन शनिवार करावे लागतील आणि गावी ती मुलगी ज्यांच्या शेजारी झोपली त्यांनाही आजच फोन करून कळवायला हवे, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत हेच पुन्हा होणार नाही.

पाणीखात्यातला (ऐरोली)

अर्ज इथे टाका. उतारावरची घरे किती आणि शेवटच्या नळाला किती वाजता धार लागते, हे दोन आकडे त्यात असायलाच हवेत. सलग सात दिवसांच्या वेळा टिपून ठेवा. मी दुरुस्त करून देतो.